ज्यांच्या दानावर फादर घडले

नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांचा महिना. २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन. त्या दिवशी वसईतल्या प्रत्येक चर्चच्या सिमेट्रीत पाय ठेवायला जागा नसते. झेंडू, शेवंती, मेणबत्त्या, धुऊन पुसून लख्ख केलेले क्रूस. जो तो आपल्या माणसाच्या कबरीपाशी उभा. सेमिनरीत, म्हणजे जिथे आमची मुलं फादर होण्यासाठी शिकतात तिथे, याच महिन्यात आणखी एक मिस्सा, म्हणजे फादरांनी वेदीवर अर्पण करायची ख्रिस्तप्रसादाची उपासना, होते. ती बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. सेमिनरीच्या मृत उपकारकर्त्यांसाठी ती अर्पण केली जाते.

बरीच वर्षं या मिस्सात एकच वाक्य म्हटलं जायचं: ‘आपल्या सेमिनरीच्या सर्व मृत उपकारकर्त्यांसाठी प्रार्थना करू या.’ नव्याने आलेल्या रेक्टर फादरांना, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांना, ते पुरेसं वाटेना. त्यांनी मला बोलावून विचारलं, “टीचर, हे सर्व म्हणजे कोण कोण? नावं शोधून द्याल का? यंदा ती मोठ्याने वाचायची आहेत.”

मी निवृत्त शिक्षिका. मराठी शाळेत शिकवलं, हजेरीपटांची सवय आहे, जुनं अक्षर वाचता येतं. पण मी हो म्हटलं ते दुसऱ्या कारणाने. माझा धाकटा भाऊ याच सेमिनरीतून फादर झाला. आमचे वडील केळीच्या वाडीवर पोट असलेला माणूस. भावाने सेमिनरीत जायचं म्हटलं तेव्हा घरात जेवढं होतं तेवढं त्यांनी दिलं, आणि ते पुरणारं नव्हतं. बाकीचं ‘कोणीतरी’ भरलं. माझी आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. रोज रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की ती आम्हाला उठू द्यायची नाही. “थांबा, एक ‘आमच्या बापा’ राहिलं. माझ्या पोराला ज्यांनी शिकवलं त्यांच्यासाठी.” नाव माहीत नसलेल्या माणसांसाठी तिने मरेपर्यंत ती प्रार्थना म्हटली. ती माणसं कोण, हे मला शोधायचंच होतं.

सेमिनरीचं नाव इथे लिहीत नाही, देणगीदारांचीही नाही. कोणी काय दिलं ही त्या त्या घरची गोष्ट आहे.

ऑफिसातल्या लाकडी कपाटात तीन तऱ्हेच्या वह्या निघाल्या. पहिली बर्सची. बर्स म्हणजे एकदाच ठेवलेली रक्कम. मुद्दल कधी मोडायचं नाही, व्याजावर एका मुलाचं शिक्षण चालवायचं. तो फादर झाला की पुढचा मुलगा, मग त्याच्या पुढचा. गासच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे समजावून सांगत होते, तर तोच मला म्हणाला, “म्हणजे बियाण्याचं भात. उपाशी राहीन, पण त्याला हात लावणार नाही.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

बर्स ठेवणारा बदल्यात काही मागतो का? मागतो. वर्षाला इतक्या मिस्सा, आपल्यासाठी किंवा आईबापांसाठी. वहीत दर नोंदीपुढे तो आकडा लिहिलेला होता. वह्या चाळताना माझ्या मनात आलं, एके काळी ज्या व्याजात मुलाचं वर्ष निघायचं, त्यात आज एक दिवसाची भाजी येणार नाही. मग या मिस्सांचं काय? रेक्टर फादरांनी कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, उघडला. १९८३ च्या या संहितेत स्पष्ट लिहिलंय की उत्पन्न घटलं म्हणून मिस्सांची संख्या आपल्या मनाने कमी करता येत नाही, त्यासाठी अधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि १३०७ वा नियम तर मी दोनदा वाचला. अशा दानांमुळे अंगावर आलेल्या जबाबदाऱ्यांची यादी करून ती सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावी, म्हणजे त्या विसरल्या जाणार नाहीत. आपण विसरणार, हे चर्चने गृहीतच धरलंय. आमच्याकडे अशी यादी होती, पण कपाटात.

दुसरी वही मिस्सांच्या इंटेन्शनची, म्हणजे मिस्सा कोणासाठी मागितली त्याची. कोणत्या फादरांनी कोणासाठी कधी मिस्सा अर्पण केली, त्याची रोजची नोंद.

तिसरी वही मात्र मी मांडीवरून खाली ठेवू शकले नाही. ती कोठीघराची होती. पैसे नव्हे, वस्तू. एक पोतं भात. नारळ. राजेळी केळ्यांचे घड. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ‘आजारी ब्रदरांसाठी’ असा शेरा मारून. ब्रदर म्हणजे सेमिनरीत शिकणारी मुलं. अंडी. चादरी. आंब्यांच्या हंगामात आंबे. पुढे गावाचं नाव: गास, नंदाखाल, भुईगाव, निर्मळ, आगाशी, पापडी. माणसाचं नाव कुठे आहे, कुठे नुसतं ‘एक बाई’. एका पानावर ओळीने चार वेळा ‘एक बाई’, आणि तारखा बघितल्या तर दर वर्षी पेरणी आटोपल्यावरच्या. तीच असणार. तिच्या घरी त्या दिवसांत काय शिजत असेल, याची मला चांगली कल्पना आहे. पावसाळ्यात आमच्याही घरी कणगी तळाला लागलेली असायची.

चॅपेलच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर मोठ्या दानशूरांची नावं कोरलेली आहेत. त्यांचं ऋण खरं आहे, त्यांच्याशिवाय भिंत उभी राहिली नसती. पण भिंतीच्या आत बसलेल्या मुलांना जेवू घातलं ते या तिसऱ्या वहीतल्यांनी, आणि त्यांचं नाव कुठेही कोरलेलं नाही. यादीत दोघांना एकाच आकाराचं अक्षर मिळालं पाहिजे, हे मी तिथेच ठरवलं. रकमा लिहायच्या नाहीत. क्रम लावायचा तो मृत्यूच्या तारखेने.

तारीख! खरं काम तिथे सुरू झालं. वहीत दान दिल्याची तारीख असते, मेल्याची कोण लिहिणार? ती मिळते धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या त्या चर्चच्या, मृत्यू-नोंदवहीत. प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवाव्याच लागतात. मी चर्च-चर्च फिरले. अगदी जुन्या नोंदी पोर्तुगीज आणि लॅटिनमधल्या, पुढे इंग्रजी, मग मराठी. एका फादरांनी मला ठरावीक लॅटिन शब्द कागदावर लिहून दिले, तेवढ्यावर निभावलं. अडचण भाषेची नव्हती, नावांची होती. आमच्याकडे एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे पाच-सहा पुरुष सहज निघतात. पास्कू घरटी एक, इनास घरटी एक. मग बापाचं नाव, आळी, घराला लोक काय म्हणतात, विहीर कोणाच्या बाजूची, असं करत करत माणूस गाठायचा. कितीदा तरी वहीतून काही हाती लागायचं नाही आणि ओट्यावर बसलेली एखादी आजी एका दमात सांगायची, “तो ना? तो वादळाच्या वर्षी गेला. पावसात नेला त्याला.”

घरी जाऊन विचारायचं हे मात्र मला जड वाटत होतं. कोणाच्या दारात उभं राहून ‘तुमच्या आजीने सेमिनरीला दान दिलं होतं’ म्हटलं, तर त्यांना वाटेल आता पुन्हा मागायला आल्या. म्हणून मी उंबऱ्यातच सांगून टाकायचे, “मला काही नको, मी आभार मानायला आले आहे.”

भुईगावच्या एका घरात सत्तरीचे गृहस्थ भेटले. त्यांची आजी फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जायची. वहीत तिच्या नावावर वर्षानुवर्षं छोट्या रकमा होत्या, कधी वर्ष चुकलेलं नव्हतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “टीचर, आम्हाला तिने कधी नवा फ्रॉक, नवी चड्डी घेतली नाही. आम्ही तिला चिकट म्हणायचो.” थोड्या वेळाने, “तिचं नाव वाचणार? मोठ्याने?”

“हो. तिचं पूर्ण नाव, आणि गाव.”

“मग मी येतो. सगळ्यांना घेऊन येतो.”

काही घरं मिटलेली होती. बिल्डिंग उभी राहिलेली, माणसं विखुरलेली, वाडीचा मागमूस नाही. तिथे सिमेट्रीतल्या क्रूसावरून तारीख उतरवून घेतली. ज्यांचा तोही राहिला नाही, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आता माझ्या आईचा ‘कोणीतरी’. भावाच्या वर्षाचं पान मी मुद्दाम शेवटी उघडलं. त्याच्या नावापुढे व्यक्तीचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘ओपूस सांक्ती पेत्री’. म्हणजे प्रेषित संत पीटरच्या नावाचं कार्य, देशी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी चालणारा कॅथलिक निधी. त्यात जगभरच्या चर्चमधून पैसे येतात आणि गरजेप्रमाणे मिशन प्रदेशांतल्या सेमिनऱ्यांना जातात. माझ्या भावाला शिकवणारी माणसं हजारो होती आणि कुठल्याही वहीत त्यांची नावं नव्हती. मी वही मिटली तेव्हा मला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं. आईने नाव न घेता केलेली प्रार्थना बरोबर पत्त्यावर जात होती.

पण त्या निधीची सुरुवात कोणी केली, हे तरी कळतंच की. सेमिनरीत एक वयोवृद्ध जेज्वीट, म्हणजे संत इग्नेशियस लोयोलांच्या संघातले, फादर ब्रदरांना आध्यात्मिक मार्गदर्शन करतात. त्यांनी मला ते सविस्तर सांगितलं. फ्रान्समध्ये काँ नावाच्या गावी स्तेफनी बिगार नावाची विधवा आणि तिची मुलगी झान राहत. मिशनऱ्यांना पत्रं लिहायच्या, चर्चसाठी वस्त्रं शिवायच्या. १८८९ मध्ये जपानहून, नागासाकीचे बिशप कुझँ यांचं त्यांना पत्र आलं: सेमिनरीत येऊ पाहणारी जपानी मुलं आहेत, पण पैशांअभावी त्यांना परत पाठवायची वेळ आली आहे. त्या पत्रावरून मायलेकींनी हे कार्य उभं केलं. प्रार्थना करणारे मिळवायचे, एकेका मुलाचा खर्च उचलणारे मिळवायचे, कायमच्या बर्स मिळवायच्या. स्वतःचं होतं ते बहुतेक सगळं त्यात घातलं. आई १९०३ मध्ये गेली. त्यानंतर झानला मनाच्या आजाराने घेरलं आणि उरलेलं आयुष्य त्यातच गेलं. १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी हे कार्य पोपच्या थेट छत्राखाली घेतलं. झान १९३४ च्या २८ एप्रिलला वारली.

नागासाकी म्हटल्यावर कुठल्याही वसईकराला आमचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ मध्ये त्याच नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. आमच्या मातीतल्या माणसाचं रक्त तिथे सांडलं, आणि तीनशे वर्षांनी तिथून निघालेल्या एका पत्रामुळे आमच्या वाडीतला मुलगा फादर झाला. हे मी पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा भावाला रात्रीच फोन केला.

हे ‘देशी धर्मगुरू’ प्रकरण वसईला किती जवळचं आहे, हेही सांगायला हवं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे धर्मगुरूही. मागे राहिलेल्या आमच्या पूर्वजांना मिस्सा, बाप्तिस्मा, शेवटचा अभ्यंग मिळत राहिला तो मुख्यतः याच देशात घडलेल्या फादरांकडून. पोप तेराव्या लिओंनी १८९३ मध्ये पत्र लिहून याचसाठी युरोपच्या भाविकांपुढे हात पसरला होता. त्यातून श्रीलंकेत कँडीला पेपल सेमिनरी उभी राहिली, तीच १९५५ मध्ये पुण्याला आली. दान देणाऱ्या कितीतरी युरोपीय बायाबापड्यांनी हिंदुस्थान नकाशावरही पाहिला नसेल.

यादी जमत आली तेव्हा रेक्टर फादरांचं आणि माझं दोन गोष्टींवर बोलणं झालं. पहिली स्वयंपाक्याची. या माणसाने सेमिनरीच्या चुलीपुढे उमर घालवली, आणि बाहेर जास्त पगार मिळत असताना गेला नाही. फादर म्हणाले, “टीचर, त्यांना पगार होता. उपकारकर्ता म्हणजे देणारा.” मी म्हटलं, “फादर, जे सोडलं ते दिलंच ना?” त्यांनी लगेच पेन उचललं. त्यांच्यामागोमाग माळी आला, धोबी आला, सुट्टीत ब्रदरांचे झगे रफू करून देणाऱ्या सिस्टर आल्या.

दुसरी गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांची. एक हिंदू डॉक्टर होते, ब्रदरांकडून कधी फी घेतली नाही. एक पारशी कुटुंब होतं, एक मुसलमान लाकूड-व्यापारी होते. त्यांची नावं वेदीपाशी वाचायची का? यावर फादरांनी क्षणाचाही विचार केला नाही. मिस्साच्या चौथ्या ख्रिस्तप्रसादीय प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांची आठवण केलेलीच आहे, असं ते म्हणाले. डॉक्टरांच्या मुलीला मी फोन केला. ती म्हणाली, “बाबांना फार आवडलं असतं. आम्ही येऊ शकतो ना?”

मिस्साच्या आदल्या दिवशी त्या जेज्वीट फादरांनी एक जुनी रीत सांगितली. संत इग्नेशियस लोयोलांनी आपल्या संघासाठी जे संविधान लिहिलं, त्यात कॉलेजांविषयीच्या चौथ्या भागाची सुरुवातच उपकारकर्त्यांच्या आठवणीने होते. प्रत्येक कॉलेजात संस्थापकासाठी आणि उपकारकर्त्यांसाठी, जिवंत असोत वा मृत, दर आठवड्याला एक मिस्सा व्हावी, आणि ही रीत कायम चालावी. आणि वर्षातून एकदा, कॉलेज ताब्यात आलं त्या दिवशी, संस्थापकाला किंवा त्याच्या कोणा नातलगाला एक मेणबत्ती द्यावी. देणं अजून फिटलेलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, एवढंच तिचं सांगणं. आमची सेमिनरी जेज्वीटांची नाही, पण रेक्टर फादरांनी तेवढ्या रात्री मेणबत्त्या मागवल्या.

मिस्सा शनिवारी सकाळी झाली. चॅपेल भरून लोक व्हरांड्यात उभे होते. वसईहून बस करून आलेले, दोन-तीन आज्या लाल लुगड्यात. पहिलं वाचन मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातलं होतं. लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करतो, सुमारे २००० द्राख्मा चांदी, आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण व्हावं म्हणून जेरुसलेमला पाठवतो. मेलेल्यांसाठी जिवंतांनी पैसे जमवले, ही तिथली गोष्ट. आमच्याकडे जिवंतांसाठी ज्यांनी पैसे दिले ते मेले होते, आणि आता त्यांच्यासाठी मागायची पाळी आमची होती. आम्ही असं मानतो की माणूस मेल्यावर देवासमोर जाण्याआधी शुद्धिस्थानात निवळतो आणि आपल्या प्रार्थनेचा त्याला आधार होतो. हे मानायचं असेल तर मग ‘सर्व उपकारकर्ते’ म्हणून भागत नाही. आजारी माणसाला औषध देताना आपण ‘सर्व आजाऱ्यांना’ म्हणत नाही, त्याचं नाव घेऊन उठवतो.

नावं ब्रदरांनी वाचली, आळीपाळीने. त्यांना मी आठवडाभर बसवून वाचून घेतलं होतं. यादीतल्या परदेशी उपकारकर्त्यांच्या फ्लेमिश आणि जर्मन नावांना जिभा अडखळायच्या, तर एका ब्रदरने परदेशात राहून आलेल्या आपल्या शिक्षकांकडून उच्चार लिहून आणले. नाव, गाव, बस. मध्ये कोणतंही संगीत नाही. दर काही नावांनंतर सगळे म्हणायचे, “हे प्रभो, त्यांना चिरशांती दे.” वाचन बराच वेळ चाललं. कोणी हललं नाही. भुईगावची आजी आली तेव्हा मागच्या बाकांवरून एक लहान मुलगी जोरात म्हणाली, “ही आपली!” तिला कोणी गप्प केलं नाही.

माझ्या भावाने वेदीवरून निनावी लोकांसाठी प्रार्थना म्हटली. ते त्याने मागून घेतलं होतं.

मग प्रत्येक घराला मेणबत्ती. नाश्त्याआधी त्या वृद्ध फादरांनी जुनी लॅटिन भोजनप्रार्थना म्हटली. ‘तुझ्या नावासाठी आमचं भलं करणाऱ्या सर्वांना, हे प्रभो, अनंत जीवनाचं फळ दे’, असा तिचा अर्थ. पूर्वी जेवणानंतर रोज म्हणत, असं त्यांनी सांगितलं. ब्रदरांनी ती त्यांच्याकडून मराठीत उतरवून घेतली आणि आता रात्रीच्या जेवणानंतर म्हणतात.

यादी सध्या भोजनगृहाच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर लावलेली आहे. रोज संध्याप्रार्थनेत त्या तारखेला वारलेल्यांची नावं वाचली जातात. कॅलेंडरवर अनेक तारखा रिकाम्या निघाल्या. ज्यांची मृत्यूची तारीख कुठेच सापडली नाही त्यांची नावं आम्ही त्या तारखांवर वाटली. ‘एक बाई’ चार वेळा होती, तिला पेरणीनंतरचे चार दिवस दिले. आणि २८ एप्रिलला झान बिगारचं नाव आहे. त्या दिवशीची मिस्सा माझा भाऊ, जिथे असेल तिथे, तिच्यासाठी अर्पण करतो. मृत्यू-नोंदवह्या बघायच्या राहिलेली धर्मग्रामं अजून आहेत. पावसाळ्याआधी आगाशीपासून पुन्हा सुरुवात करणार आहे. तुमच्या घरात कोणी सेमिनरीला काही दिल्याचं आठवत असेल, अगदी नारळ का असेना, तर तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांना नाव आणि वारल्याची तारीख सांगून ठेवा.